दीड तासाच्या राइडला १,६०० कॅलरी? हा आकडा मला मान्य नाही

टिळकवाडीकर
काल आपल्या बेळगावच्या सायकल ग्रुपवर एकाने घड्याळाचा फोटो टाकला. टिळकवाडी ते राजहंसगड आणि परत, वेळ दीड तास, एकूण चढ ३०० मीटर, कॅलरी १,६००. खाली ओळ: "आता पाव किलो कुंदा हक्काचा." सगळ्यांनी वाहवा केली. मला राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा.

वजन त्यानेच सांगितलंय, ७० किलो. सायकल धरून ८४. एवढं ओझं ३०० मीटर वर चढवायला सुमारे २४७ किलोज्यूल काम लागतं. एका कॅलरीत जवळपास ४.२ किलोज्यूल असतात, पण शरीर जे जाळतं त्यातलं २० ते २५ टक्केच पॅडलपर्यंत पोचतं, बाकी सगळी उष्णता. एकीकडे चौपट, दुसरीकडे पाव हिस्सा, हिशेब फिटतो. म्हणून पॅडलवरचं एक किलोज्यूल म्हणजे ढोबळ एक कॅलरी. चढाच्या झाल्या अडीचशे. उरलेला रस्ता आणि वारा धरून सातशे ते साडेआठशे, फार तर नऊशे.

१,६०० खरे मानायचे तर दीड तास सलग ३०० वॅट मारायला हवेत. ते शर्यतीत उतरणाऱ्या तयारीच्या गड्याचं काम आहे. रविवारी येळ्ळूरच्या रस्त्याला थांबत, फोटो काढत जाणाऱ्याचं नाही.

हिंडलगा रायडर
फोटो माझाच होता. तुम्ही माझ्यासोबत होता काय ओ? थांबलो फक्त पाणी प्यायला. घड्याळात माझं वय, वजन, उंची सगळं भरलंय आणि ते माझ्या हृदयाचे ठोके मोजतं. तुमचं गणित कुणाचे ठोके मोजतं?

टिळकवाडीकर
ठोके म्हणजे काम नव्हे. एप्रिलच्या उन्हात तोच चढ त्याच वेगाने चढा, ठोके जास्तच पडणार, कारण शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडेही पाठवावं लागतं. पाणी कमी पडलं, झोप झाली नाही, निघताना दोन कप कडक चहा झाला, तरी तेच. आणि खडबडीत रस्त्यावर मनगटावरचा सेन्सर हादरे खातो, तेव्हा तो काय मोजतोय ते त्याचं त्यालाच माहीत.

निपाणीचा मास्तर
टिळकवाडीकर, तुमचा हिशेबही कागदावरचाच आहे. पॅडलवरचं काम थेट मोजणारा पॉवर मीटर आपल्याकडे कितीजणांकडे आहे? मग राहतो वेगावरून श्रम सांगणारा तक्ता: ताशी १९ ते २२ किमीला ८ मेट, त्याहून हळू, १६ च्या वर असाल तर ६.८. एक मेट म्हणजे किलोमागे तासाला एक कॅलरी. ७० गुणिले ८ गुणिले दीड, ८४०. पण तो सरासरी माणूस. बसल्या जागी मिनिटाला किलोमागे ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो हे गृहीत धरलंय, आणि पुष्कळांचा खप त्याहून कमी भरतो. शिवाय त्या ८४० मध्ये बसून राहिला असतात तरी जळल्या असत्या त्या १०५ कॅलरी धरलेल्याच आहेत. जास्तीच्या फक्त ७३५.

वाऱ्याचं तर कुणी नावच काढलं नाही. पावसाळ्यात जांबोटीकडे तोंड करून निघा. तुमचा वेग २० आणि समोरून २० चा वारा, तर हवेचा अडथळा चौपट. ॲपला दिसतो फक्त वेग, आणि तो वेग बघून तुम्ही आरामात चाललाय असं ते समजतं. तिथे आकडा कमीही येतो.

टिळकवाडीकर
वाऱ्याचं मान्य. पण कमी येतो म्हणून फोटो टाकणारा मला अजून भेटलेला नाही.

खानापूरची वैनी
आमच्या घरात या आकड्यापायी भांडणं झालीत. मिस्टरांना शुगर. सायकल सुरू केली, फार बरं वाटलं. मग घड्याळ आलं. हजार दिसले की संध्याकाळी दोन पुऱ्या जास्त, रविवारी करदंट. मी काही बोलले की मनगट पुढे करायचे, "हे बघ, जळलंय." वजन तसूभर हललं नाही आणि तपासणीत शुगर वाढलेली. डॉक्टरबाईंनी सांगितलं की सायकल चालू ठेवा, पण घड्याळ बघून जेवू नका. त्यामुळे "आकड्याने काय फरक पडतो" असं मला कुणी सांगू नये.

हिंडलगा रायडर
वैनी, तुमचं दुखणं खरं आहे. पण मी त्या आकड्यामुळेच पहाटे उठतो. आकडा दुप्पट असेल तर दर वेळी दुप्पट असेल, मागच्या आठवड्याशी तुलना तर होते?

निपाणीचा मास्तर
दर वेळी तेवढाच चुकला असता तर झाली असती. ऊन बदललं, रस्ता बदलला की चूकही बदलते.

उचगावकर
काय बोलूलालाय तुम्ही सगळे? आमचे आजोबा उचगावातून बेळगावला दूध घालायचे. बावीस किलोची काळी सायकल, कॅरियरला दोन्ही बाजूंना लोखंडी आकड्यात वीस-वीस लिटरचे कॅन, जुन्या ट्यूबची पट्टी कापून आवळलेले. ना गिअर, ना हेल्मेट. तुमच्या हलक्या सायकलींवर कसल्या कॅलरी जळतात! खऱ्या कॅलरी त्यांच्या.

टिळकवाडीकर
आजोबांना नमस्कार. पण हिशेब विचाराल तर ४० किलो दूध १०० मीटर चढवायला जास्तीच्या साधारण ४० कॅलरी लागतात. सपाटीला ओझ्याचा फरक त्याहून पुष्कळ कमी.

उचगावकर
चाळीस? अर्ध्या भाकरीच्याही नाहीत! माझ्या आजोबांच्या पाठीचा मणका गेला त्या कॅनांपायी आणि तुम्ही चाळीस सांगता? कधी भरला कॅन उचललाय? एसीत बसून गणित करायला काय जातंय.

शहापूर सायकल दुकान
दोघेही हवेला विसरलात. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ सायकलींत हवा कमी. टायर अंगठ्याने दाबला की आत जातो, आणि हे म्हणतात सायकल जड चालते, गिअर बघा. चेन वाळूने भरलेली, हबातले छर्रे कोरडे, चाक हातानं फिरवलं तरी करकरतं. त्यात ओझं घातलं की टायर आणखी बसतो. त्या काळच्या दूधवाल्यांचे रस्ते कच्चे, टायर झिजलेले. तिथे सपाटीला फरक कमी हे मला पटत नाही.

टिळकवाडीकर
कच्चा रस्ता आणि बसलेला टायर असेल तर अडथळा दुप्पट-तिप्पट होईल, हे धरायला हवं. ४० चा आकडा फक्त चढाचा होता.

उचगावकर
मग मागे घ्या.

खानापूरची वैनी
अहो, भांडताय कशाला. आमचे सासरे पण शेतातले. कष्ट आणि कॅलरी एकच कशा धरता? दिवसभर वाकून भात लावणाऱ्या बाईची कंबर कॅलरीने मोडत नाही.

निपाणीचा मास्तर
वैनी नेमकं बोलल्या. आजोबा किती किलोचे होते, उचगावकर?

उचगावकर
पंचावन्न असतील. काटकुळेच.

निपाणीचा मास्तर
मग बघा. पंचावन्न किलोच्या माणसाच्या कॅलरी ७० वाल्यापेक्षा कमीच निघणार, कारण तक्ता वजनाने गुणतो. पण ६२ किलोची सायकल आणि दूध, म्हणजे स्वतःपेक्षा जास्त ओझं, तेही गिअर नसताना. चढाला उभं राहून पूर्ण जोर लावल्याशिवाय पॅडल फिरत नसणार. स्नायूंवर, कमरेवर तो जो ताण येतो, तो कॅलरीत उतरतच नाही. उतरला पाहिजे असा हट्ट धरला तर आकडाही चुकतो आणि आजोबांचंही कमी होतं.

टिळकवाडीकर
आकडा मागे घेत नाही, तो बरोबर आहे. पण कष्टाला उत्तर म्हणून तो द्यायला नको होता, एवढं मास्तरांचं ऐकतो. आणि हिंडलगा, तुम्ही पहाटे उठा, सायकल मारा. जेवणाचा हिशेब मात्र घड्याळाच्या निम्म्याने करा.

हिंडलगा रायडर
निम्म्याने करतो. फोटो मात्र टाकणार.

उचगावकर
मास्तरांचं पटलं. टिळकवाडीकरांचं नाही. दुकानवाले काका, रविवारी आजोबांची सायकल घेऊन येतो. मागचा हब पूर्ण जाम आहे, छर्रे मिळतील काय त्या मापाचे?

शहापूर सायकल दुकान
आणा. छर्रे आहेत. येताना हवा भरून ढकलत आणा, रिम वाकवू नका.