नळाचं पाणी घरी कसं तपासायचं?

मंगळवारपेठकर: पंचगंगेला पूर आल्यापास्नं नळाला गढूळ पाणी येतंय, तांब्यात रात्रभर ठेवलं की तळाला माती बसते, घरात दोन वर्षाचं पोरगं आहे हो, पाणी चांगलं का वाईट घरी कळतंय काय?

रंकाळाकाठ: ओटी टेस्ट कर भावा, म्हणजे पाण्यात जंतू मारणारा क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी. नळीत पाणी घे, ऑर्थोटोलिडीन औषधाचे थेंब टाक, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळालाही लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम पाहिजे. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खपतो, तीच खरी भीती.

लॅबवाली ताई: पिवळं झालं म्हणजे जंतू नाहीतच असं नव्हे. एचटूएस बाटलीत, म्हणजे जंतू तपासायच्या तयार बाटलीत, पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवा, काळं पडलं तर पिऊ नका. आणि दादा, तोवर बाळाला उकळूनच द्या, खळखळून.

मंगळवारपेठकर: व्हय ताई, आजच आणतो बाटली.