‘मेंटर’ला ख्रिस्ती मराठीत काय म्हणायचं?

कानामात्रा
एका आभारपत्राचं भाषांतर हातात आहे. बाकीचं उरकलं, एका वाक्यावर गाडी अडली. मथितार्थ असा: ज्या वयाने मोठ्या ख्रिस्ती मेंटर मंडळींनी माझा विश्वास घडवला, त्यांच्याबद्दल कृतज्ञता. मी लिहिलं, ‘माझ्या विश्वासाला आकार देणाऱ्या वडिलांप्रति मी कृतज्ञ आहे.’ तपासणाऱ्यांनी ‘वडिलांप्रति’खाली लाल रेघ मारून शेरा दिला, ‘वडील किती?’ ‘मार्गदर्शक’ लिहावं तर प्रबंधाची प्रस्तावना वाटते. पत्रात पाचजणांचा उल्लेख आहे, त्यांत तीन बाया. सुचवा.

आडवाट
शेरा बरोबर, कारण अपुरं. ख्रिस्ती मराठीत ‘वडील’ तीन कामं करतो: बाप, वयाने मोठा माणूस आणि मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, पदाधिकारी. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय उघडा. पहिल्या ओवीत, म्हणजे वचनात, वडील माणसाला टाकून बोलू नकोस म्हटलंय, तिथे अर्थ वयाचा. सतराव्या ओवीतले चांगला कारभार करणारे वडील हे पदावरचे. दोन्हीकडे ग्रीक शब्द एकच, प्रेस्बुतेरोस, म्हणजे घोळ मूळचाच आहे. पण तुमच्या पत्रात तो परवडणार नाही. ज्या बाईंनी पदाशिवाय तीस वर्षं शिकवलं, त्यांना वाचणारा पदाधिकारी समजेल. ‘वडीलधारी माणसं’ म्हणा. पद गळतं, वय राहतं आणि बायापुरुषांचा प्रश्नही मिटतो.

(आणि ‘मेंटर मंडळी’ लिहू नका हो. ख्रिस्ती वाचक ‘मंडळी’ म्हणजे चर्च वाचतो.)

शुद्धमती
इतकी ओढाताण कशाला? ‘गुरू’ आहे की! दोन अक्षरांत काम होतं. परका शब्द दाराशी आला की आपण घरातली भांडी लपवायची, ही सवय कधी सुटणार?

तळटीप
गुरू घरातलाच, पण या घरात त्याच्यावर एक बंधन आहे. मत्तय २३:८ मध्ये येशू शिष्यांना सांगतो की गुरुजी म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एक आहे. त्यामुळे प्रोटेस्टंट वाचकाला ‘माझे गुरू’ खटकतं. कॅथलिक वाचकाला खटकत नाही, पण त्याच्या कानाला ‘धर्मगुरू’ची सवय, म्हणून तो फादरच समजतो. एकच शब्द दोन्हीकडे चुकतो, वेगवेगळ्या कारणांनी.

आणखी एक गंमत. करिंथकरांस पहिल्या पत्रात (४:१५) प्रेषित पौल म्हणतो की तुम्हांला दहा हजार गुरू असले तरी बाप पुष्कळ नाहीत. तिथला ग्रीक शब्द पायदागोगोस. हा शिकवणारा नव्हे. मुलाला शाळेत नेऊन आणणारा, वाटेत त्याच्या वागण्यावर डोळा ठेवणारा घरचा गुलाम. गलतीकरांस ३:२४ मध्ये याच शब्दाला प्रचलित मराठी भाषांतराने ‘बालरक्षक’ म्हटलंय. म्हणजे मेंटरच्या कामाचा अर्धा भाग या बालरक्षकात आहे, उरलेला बापात. दोन्ही धरणारा शब्द पौलालाही एका ठिकाणी सापडला नाही, आपली काय कथा.

शुद्धमती
मत्तयातल्या त्याच अध्यायात पुढच्या ओवीत ‘पिता’ म्हणू नका असंही आहे. मग बापाला काय म्हणता?

तळटीप
बरोबर पकडलंत. त्याच्या पुढच्या ओवीतला काथेगेतेस तर आजच्या ग्रीकमध्ये सरळ प्राध्यापक झालाय. ओवी शब्दावर बंदी घालत नाही, मानाची हाव धरू नका म्हणते, असं मीही मानतो. पण तुम्ही भाषांतर वाचकासाठी करता, माझ्यासाठी नाही.

मधली ओळ
‘मेंटर’ तसा परका नाहीच! धातू ‘मन्’, विचार करणे. संस्कृतात ‘मन्तृ’ म्हणजे विचार करणारा. मंत्र, मंत्री, मेंटर, सगळे एका कुळातले. ‘मंतर’ असा शब्द रूढ करायला काय हरकत आहे?

आडवाट
‘माझ्या आयुष्यातले मंतर’ वाचून लोक लिंबू-मिरची शोधतील.

कुळ दूरचं एक असेलही, पण शब्द आला विशेषनामातून. ओडिसियस युद्धावर जाताना घर ज्याच्यावर सोपवतो तो मेंटर. आणि होमरच्या काव्यात मुलाला, टेलेमॅकसला, खरा धीर देते ती त्याचं रूप घेतलेली अथीना देवी. खुद्द मेंटरने फारसं काही केलं नाही बिचाऱ्याने. ‘शहाणा सल्लागार’ हा अर्थ रुळला तो १६९९ साली आलेल्या फेनेलों यांच्या फ्रेंच कादंबरीमुळे, आणि फेनेलों आर्चबिशप होते. तेव्हा मूर्तिपूजकांचा शब्द म्हणून कुणी नाक मुरडणार असेल तर हे सांगा.

जुनी वही
नामावर एवढा खल चाललाय, पण वाक्याचं दुखणं क्रियापदात आहे. मराठीत विश्वास बसतो, उडतो, डळमळतो, दृढ होतो. त्याला कुणी आकार देत नाही. शिवाय बायबल जाणणाऱ्याला आकार म्हटलं की कुंभार आठवतो, आणि यशया ६४:८ मध्ये कुंभार देव आहे. ‘विश्वासात वाढवलं’, ‘विश्वासात दृढ केलं’ हे प्रार्थनेत रोज कानावर पडणारं. कॅथलिक वाचकासाठी ‘विश्वास’च्या जागी ‘श्रद्धा’ चालेल, पण मग पत्रभर तेच ठेवा; एका परिच्छेदात श्रद्धा, दुसऱ्यात विश्वास, असं झालं की वाचणाऱ्याला दोन गोष्टी वाटतात.

‘कृतज्ञ’चंही तसंच. ‘उपकारस्तुती’ देवाची करतात, माणसाची नाही. माणसाचे आभार मानतात. पौल बहुतेक वेळा माणसांसाठी देवाचे आभार मानतो (फिलिप्पैकरांस १:३), पण रोमकरांस १६:४ मध्ये प्रिस्का आणि अक्विला यांचे थेट मानतो, आणि क्रियापद तेच वापरतो. तेव्हा दोन्ही वाक्यं लिहायला आधार आहे. एकाच वाक्यात कोंबलीत तर कुणाची स्तुती चाललीय ते कळत नाही.

पूर्णविराम
‘ऋणी आहे’ का नको? सगळ्यांत मराठमोळं.

जुनी वही
नको असं नाही, पण रोमकरांस १३:८ तोंडपाठ असलेला वाचक अडेल: प्रीतीखेरीज कुणाच्या ऋणात राहू नका. ‘उतराई होणे’ तर त्याहून अवघड. फेडता येत नाही तीच कृपा.

पूर्णविराम
आणि फिलेमोनाला काय लिहिलंय? एकोणिसावी ओवी. तू स्वतःच मला देणं लागतोस, असं पौल त्याला बजावतो. ज्याच्यामुळे विश्वास मिळाला त्याच्या ऋणाची भाषा त्यानेच केलीय. तुमच्या तोंडपाठ वाचकाला हीही ओवी पाठ असू द्या.

मधली ओळ
‘धर्मपिता’, ‘धर्ममाता’ कुणी सुचवलं नाही अजून.

तळटीप
ती बाप्तिस्म्याच्या वेळची नेमणूक आहे. कॅथलिक कायद्याच्या कलम ८७३ आणि ८७४ प्रमाणे वय साधारण सोळा पूर्ण, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं, आणि तो बाळाचा आई किंवा बाप नको. एक पुरुष किंवा एक स्त्री, फार तर दोघं मिळून एक जोडी. पाच कुठून आणणार? ‘गॉडफादर’ तर मराठीत आता तिकीट मिळवून देणारा पुढारी झालाय.

कानामात्रा
सगळ्यांचे आभार. सध्या असं केलंय: ‘ज्यांनी मला विश्वासात वाढवलं त्या वडीलधाऱ्यांसाठी मी देवाची उपकारस्तुती करते. त्या पाचहीजणांप्रति मी ऋणी आहे.’ पण यात ‘मेंटर’ कुठेच उरला नाही. वडीलधारे नुसते घरातलेही असतात. ज्याने मुद्दाम वेळ काढून शिकवलं, हे कुठे आलं?

शुद्धमती
ते राहू द्या, आधी ‘प्रति’ काढा! ‘के प्रति’ची हिंदी लकब आहे ती. मराठीत माणूस कुणाचा तरी ऋणी असतो.

पूर्णविराम
‘ईश्वराप्रति’, ‘समाजाप्रति’ सगळे लिहितात. रुळलेल्या शब्दाला किती वर्षं दाराबाहेर उभं करणार?

शुद्धमती
सगळे लिहितात म्हणून बरोबर होत नाही. सगळे ‘गुरुंना’ही लिहितात, ‘गुरूंना’ हवं.

आडवाट
कानामात्रा, ‘हाताला धरून शिकवलं’ बघा जमतंय का. आणि ‘मार्गदर्शिका’ चुकूनही नको, ते पुस्तक होतं.

मधली ओळ
‘गुरुवर्य’मध्ये मग ऱ्हस्व का?

शुद्धमती
समासात पहिलं पद म्हणून ऱ्हस्व. ‘धर्मगुरू’त शेवटी येतो, म्हणून दीर्घ. ‘गुरुजी’ बघा.

मधली ओळ
‘जी’ हे पद आहे?