मदत हवी आहे : आयर्लंडचा दुष्काळ आणि मुंबईची वर्गणी

नमस्कार मंडळी, १८४५ पासून बटाट्यावर पडलेल्या रोगाने आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाच्या साथीने गेली. त्यांच्यासाठी परदेशांतून आलेल्या मदतीवर मी वाचतोय. १८४७ मध्ये बोस्टनहून तोफा उतरवलेली ‘जेम्सटाऊन’ ही युद्धनौका सुमारे ८०० टन धान्य आणि इतर सामान घेऊन पंधरा दिवसांत कॉर्कला पोहोचली. चोक्टॉ या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांची वर्गणी तर मनातून जातच नाही. मिसिसिपीतून हुसकावताना वाटेत त्यांची हजारो माणसं मेली होती, तरी त्यांनी पैसे जमवले.

पण मला खरं हवंय ते आपल्याकडचं. कलकत्त्यात १८४६ च्या सुरुवातीलाच मदत निधी उभा राहिला, मुंबईतूनही पैसे गेले. या मुंबईच्या वर्गणीदारांची यादी कुठे मिळेल? भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ किंवा मिशनऱ्यांचं ‘ज्ञानोदय’ या मराठी नियतकालिकांचे १८४६-४७ चे अंक कोणी चाळलेत का? मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारात काम केलेल्यांनी नेमकं काय मागायचं, तेवढं सांगा. इंग्रज अधिकाऱ्यांपलीकडे एतद्देशीय कोणी दिलं असेल, तर ती नावं मला हवी आहेत.