द्राक्षातला औषधाचा उरलेला अंश (रेसिड्यू) मशीनवर, मग फवारणाऱ्याचं रक्त का नाही?

दिंडोरीकर: युरोपला जाणारं द्राक्ष मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूचं वजन मोजून तो ओळखणाऱ्या मशीनवर तपासतात, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत. २०१० मध्ये क्लोरमेक्वॉट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशानं माल अडकला, तेव्हापासून निफाड-पिंपळगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण औषध मारणाऱ्याचं रक्त कोण तपासतं? मागच्या हंगामात आमच्याकडचा गडी टोमॅटोवर फवारताना कोसळला. वाचला, पण कागदावर लागलं 'उष्माघात'. तो मारत होता ते औषध ऑर्गॅनोफॉस्फरस कुळातलं. युद्धात वापरायचं सरीन हे विषही याच कुळातलं, १९३८ मध्ये जर्मनीत कीटकनाशक शोधताना सापडलेलं. १९९५ च्या टोकियो हल्ल्यातल्या रुग्णांच्या रक्तातून ते नंतर याच तंत्रानं सिद्ध झालं. मग आमच्यासाठी का नाही?

गावातला डॉक्टर: नाही पटत. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला फेस, अंगाला घाम. निदान तिथंच होतं, आणि तेव्हा अ‍ॅट्रोपिन हा उतारा लागतो, मशीन नाही. ही औषधं रक्तातलं जे एन्झाइम बंद पाडतात, त्या कोलिनेस्टरेजची तपासणी स्वस्तात होते. मशीनच्या पैशात किती रुग्णवाहिका येतील?

दिंडोरीकर: डॉक्टरसाहेब, उपचारासाठी नाही, पुराव्यासाठी मागतोय. कोलिनेस्टरेज यकृताच्या आजारातही घटतं, आणि गड्याचं मुळातलं किती होतं हे कुणी मोजलेलं नसतं. लघवीतले अंश काही दिवसांत निघून जातात. रक्तातल्या ब्युटिरिलकोलिनेस्टरेजला (कोलिनेस्टरेजचाच एक प्रकार) चिकटलेलं विष मात्र दोन-तीन आठवडे राहतं. पेप्सिन या पाचक एन्झाइमनं ते प्रथिन तोडलं की नऊ अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. त्याचं वजन जेवढं वाढलेलं दिसतं, तेवढा विषाचा अंश त्याला चिकटलेला.

लॅबमधला: रोज हेच मशीन चालवतो म्हणून सांगतो. क्लोरपायरीफॉस असो की क्विनालफॉस, दोन्ही याच कुळातली कीटकनाशकं, प्रथिनाला चिकटून मागं उरतो डायइथाइल फॉस्फेटचाच तुकडा. कोणतं औषध ते त्यावरून कळणार नाही, मग नुकसानभरपाई कुणाकडे मागणार? शिवाय द्राक्षाची लॅब म्हणजे रक्ताची लॅब नव्हे, पद्धत आणि मान्यता दोन्ही वेगळ्या. आधी हातमोजे आणि मास्क द्या.

दिंडोरीकर: हातमोजे मास्क द्यायलाच हवेत, त्यात वाद नाही. कंपनी कोणती ते नकोच मला. औषधानंच झालं, उन्हानं नाही, एवढं कागदावर आलं तरी गड्याला, आणि तो गेला तर त्याच्या बायकोला, विमा मागायला तोंड राहील. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीनं माणसं मेली, तेव्हाही दोष मजुरांच्या हलगर्जीपणावरच ढकलला गेला. मशीन गावात नको. अ‍ॅट्रोपिन देतानाच एक नळी रक्त काढा, त्यातला प्लाझ्मा (रक्तपेशी काढून उरलेला द्रव) गोठवून ठेवा. पुढं गरज पडली तर पाठवता येईल.

गावातला डॉक्टर: नळी ठेवीन. पण रात्री लाइट गेली की फ्रीजर कोण सांभाळणार, ते आधी ठरवा.