लहानसहान वैताग: फोनने, हुद्द्याने, आडनावाने घातलेले घोळ सांगा

वाफाळता चहा
काल सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज. "आपले वॉचमन काका १४ वर्षांच्या सेवेनंतर गावी जात आहेत. त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली. आज सायं. ६ वा. क्लब हाऊस. काका स्वतः उपस्थित राहतील. अल्पोपहाराची सोय आहे."
मी गवार मोडत बसले होते, तशीच हातात राहिली. सेक्रेटरींचं म्हणणं, मी फक्त 'भावपूर्ण' लिहिलं, पुढचा शब्द फोनने सुचवला, तो 'निरोप'च असणार म्हणून दाबला. आता फोनचा तरी काय दोष, आपण 'भावपूर्ण' दुसऱ्या कशासाठी लिहितो? पण खरी मजा खाली, तिघांनी पूर्ण न वाचता 'ॐ शांती' लिहिलं, त्यात एक तर काकांशी रोज गेटवर अर्धा तास गप्पा मारणारा.
त्यावरून बाबांचा पहिला मोबाइल आठवला. बटणांचा, त्यात ते टी-नाइन असायचं, अक्षरांची बटणं दाबत गेलं की शब्द तोच ओळखणार. इंग्रजीत होम आणि गुड दोन्हीला तीच बटणं, ४६६३. बाबा बँकेतून दौऱ्यावर जायचे आणि परतल्यावर मेसेज टाकायचे 'रीच्ड होम', आम्हाला मिळायचं 'रीच्ड गुड'. कितीदा शिकवलं की पुढचा शब्द आणायला अजून एक बटण दाबा. नाहीच. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, आम्ही भावंडं अजून घरी पोचलो की ग्रुपवर 'गुड' एवढंच लिहितो. वहिनीला पहिली दोन वर्षं वाटायचं की किती सकारात्मक घर आहे.
तर येऊ द्या तुमचे. मोठी दुःखं नकोत, बारीक खडे.

ठाणेकरीण
ॐ शांती वाल्यांना साष्टांग नमस्कार.
माझा छोटासाच. ऑफिसात नवीन साहेब आले, लखनौचे, मराठी शून्य. पहिल्या दिवशी मी मेसेज केला 'निघालात की कळवा'. साहेब ठाण्याच्या पुढच्या स्टेशनवर उतरून अर्धा तास माझी वाट बघत उभे.

मुक्काम पोस्ट
@ठाणेकरीण हाहाहा. नशीब 'दिवा लावून ठेवा' नाही लिहिलंत

ठाणेकरीण
मग ते अजून दोन स्टेशनं पुढे गेले असते :)

सांगलीची हळद
माझ्या बहिणीच्या लग्नातला किस्सा अजून घरात काढला की काका उठून गॅलरीत जातात. फॅमिली ग्रुपमध्ये काकांनी सूचना टाकलेल्या, मुद्दे घालून. तिसरा मुद्दा असा होता, "आचार्यांना आधी जेवायला बसवू नये. ते मागच्या दाराने येतील. त्यांना चहा स्टीलच्या पेल्यात द्यावा, कप फोडतात. उरलेले पैसे काम बघून." लिहायचं होतं आचाऱ्यांना. तो र वरचा आडवा फराटा गेला आणि स्वयंपाकी एकदम आचार्य झाले. आणि ग्रुपमध्ये लग्न लावणारे गुरुजी होते, मुहूर्ताच्या वेळा कळाव्यात म्हणून त्यांना घेतलेलं, आणि त्यांच्या नावाआधी त्यांनी स्वतः आचार्य लावलेलं! सकाळी साडेसहाला फोन. "मी मागल्या दाराने येत नसतो आणि तुमच्याकडचा कप आजवर फोडलेला नाही." काकांनी समजावलं तर म्हणाले काम बघून म्हणजे काय, काम बघून? मंगलाष्टकं मोजणार का? शेवटी आईने त्यांना चांदीची वाटी दिली तेव्हा शांत झाले. खऱ्या आचाऱ्यांना यातलं काही माहीत नाही, ते पुढच्याच दाराने आले आणि कपातूनच चहा प्याले.

शुद्धलेखन पोलीस (निवृत्त)
वरच्या ताईंसाठी: कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर इंग्रजी जे (J) च्या बटणावर र आहे, शिफ्ट दाबून तेच मारलं की तो ऱ येतो, मग हलन्त आणि य. तसंच एन वर ल आणि शिफ्ट एन वर ळ. दर्या आणि दऱ्या यात समुद्र आणि डोंगर एवढा फरक आहे हो. मी चाळीस वर्षं प्रुफं तपासली, लोकांना वाटतं म्हातारा उगाच कटकट करतो.

सांगलीची हळद
काका आमच्या काकांना इनस्क्रिप्ट शिकवायचं म्हणजे परत एक लग्न निघेल. पण धन्यवाद, लिहून ठेवते

ढवळाढवळ
ळ चा विषय निघाला म्हणून. आडनाव ढवळे. आधारवर इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी आपोआप उमटलं ते 'धवले'. दुरुस्त करायला गेलो, परत आलं 'ढवले'. म्हणजे निम्मं दुरुस्त झालं, पासिंगचे मार्क. बँकेत वेगळं, रेशनकार्डावर बरोबर, शाळेच्या दाखल्यावर बरोबर पण त्यात वडिलांचं नाव चुकलेलं. मुलगी विचारते बाबा आपण नक्की कोण. फोनवर बायका 'धवले सर बोल रहे हैं क्या' म्हणतात, मी हो म्हणतो, कर्ज नको सांगतो आणि ठेवतो. हिंदीवाल्यांकडे ळ वापरात नाही हे समजू शकतो पण मग मराठीसाठी अमुक नंबर दाबा कशाला म्हणता, दाबल्यावर पण तीच बाई येते.

नागपुरी तर्री
अरे बाप्पा ते मराठीसाठी दाबा वालं तर विचारूच नका. मी एकदा दाबलं तर पंधरा मिनिटं गाणं वाजून राहिलं, आमची बुढी म्हणे मस्त आहे, स्पीकरवर टाक. फालतू कॉल बंद करायचे असतील तर १९०९ वर स्टार्ट आणि शून्य असा मेसेज टाका इंग्रजीत, बरेच कमी होतात. सगळे नाही. १४० ने सुरू होणारे म्हणजे जाहिरातवाले, ते मी उचलतच नाही.
बाकी कॉलर ट्यून! २०२० मध्ये तो खोकला आठवते का, फोन लावला की आधी माणूस खोकलायचा. आमची बुढी त्याला दर वेळी म्हणे, पाणी पी रे बापा.

कोतवालाचा पोरगा
हुद्द्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो, कामावर आहे, चुका पोटात घाला. माझे वडील कोतवाल. ज्यांना गाव माहितीये त्यांना कळलं असेल, महसूल खात्यातलं सगळ्यात शेवटचं माणूस, मानधनावर. तलाठी आले की चावडी उघडायची, नोटिसा वाटायच्या, पंचनाम्याला लोक गोळा करायचे, पूर्वी दवंडी पण. मी इंजिनिअरिंगला बाहेर गेलो, हॉस्टेलला रूममेट कानपूरचा. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय कोतवाल वाचला आणि पोरगं एकदम ताठ उभं. त्यांच्याकडे कोतवाल म्हणजे कोतवालीचा मोठा पोलीस. त्याने सगळ्या मजल्याला सांगितलं. मेसवाला मला दुसऱ्यांदा भाजी न मागता वाढायचा, सिनिअर लोकांनी रॅगिंग केलं नाही. मी काय करायचं? पहिला महिना खुलासा करणार होतो, मग म्हटलं भाजी चांगली आहे.
तिसऱ्या वर्षी वडील भेटायला आले, पायात स्लीपर, हातात शेंगांची पिशवी. रूममेट त्यांच्या पाया पडला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, साध्या वेशात आलेत का. खरं सांगितलं त्याला त्या रात्री. दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला शेंगा भाजायच्या का.
आता कोतवाल नाव गेलं, महसूल सेवक म्हणतात. तलाठ्यांचं पण २०२४ ला ग्राम महसूल अधिकारी झालं. वडिलांना अजून गावात सगळे कोतवालच म्हणतात, नवीन नाव त्यांना स्वतःला आवडत नाही, म्हणतात सेवक काय, मी काय मठात आहे?

वाफाळता चहा
साध्या वेशात! कोतवालाच्या पोरा, हा किस्सा मी नवऱ्याला वाचून दाखवला.

तासिका
आमचं उलटं. गावात 'प्राध्यापक', लग्नपत्रिकेत 'प्रा.', आणि प्रत्यक्षात सीएचबी म्हणजे तासावर पैसे, सुट्टी लागली की पैसे बंद, मे महिन्यात मी प्राध्यापक नसतो फक्त माणूस असतो. सहाव्या वेतन आयोगानंतर लेक्चररचा असिस्टंट प्रोफेसर झाला, तेव्हा घरी आई म्हणाली असिस्टंट म्हणजे कोणाच्या हाताखाली? आधीचं बरं होतं. दुकानदार मात्र 'या सर' म्हणून महागातली चप्पल काढतो. बरं चाललंय

गृहिणी नाही घरमालकीण
फॉर्ममध्ये व्यवसाय या रकान्यात 'काही नाही' असं नवरा भरून मोकळा. मी विचारलं तर म्हणे पर्याय शोधत बसायला वेळ नव्हता. त्या दिवशी मी पण काही नाही केलं. संध्याकाळी साडेआठला विचारतो, जेवायला काय? काही नाही.

मुक्काम पोस्ट
+१

वर संशोधन
मावशीने स्थळ आणलं, मुलगा बँकेत व्हाइस प्रेसिडेंट, वय २९. आई हरखली, आजीने तर राष्ट्रपती भवनाचा विषय काढला. भेटल्यावर कळलं त्यांच्या मजल्यावर चाळीस व्हाइस प्रेसिडेंट बसतात आणि कॉफी मशिन बिघडलं की त्यांच्यातलाच एक तक्रार टाकतो. मुलगा चांगला होता खरं तर. त्यानेच सांगितलं, घरी सांगू नका, माझ्या आईला माहीत नाहीये. पुढे जमलं नाही, ते वेगळ्या कारणाने. (तो ढेकर देऊन सॉरी म्हणत नव्हता.)

आत्याबाई
सगळे फोनलाच शिव्या देता आहात, आमच्या वेळी फोन नव्हता तरी घोळ होतेच. तारेत शुभेच्छांची ठरलेली वाक्यं असत, प्रत्येकाला नंबर. वाक्य लिहायचं नाही, नंबर लिहायचा, स्वस्त पडे. माझ्या लग्नाला मामांनी नाशिकहून तार केली, नंबर लिहिताना चुकले. भर मांडवात माझ्या सासऱ्यांनी मोठ्याने वाचली, नव्या पाहुण्याच्या आगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन. अक्षता अजून केसात होत्या हो माझ्या! सासूबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी बेचाळीस वर्षं विसरले नाही. थोरला खरंच दीड वर्षाने झाला, मी तारीख सगळ्यांना मोजून दाखवली. ती तार मी जपून ठेवली आहे. २०१३ ला तारसेवाच बंद झाली तेव्हा मामा म्हणाले बरं झालं, पुरावा उरायचा नाही. म्हटलं माझ्या कपाटात आहे.

सांगलीची हळद
आत्याबाई तुम्ही जिंकलात, धागा बंद करा

शुद्धलेखन पोलीस (निवृत्त)
'धागा बंद करा' नव्हे, ताई, अजून माझा राहिला आहे. पण पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काम आहे, येऊन लिहितो. मी हयात आहे हे दर नोव्हेंबरात सिद्ध करावं लागतं, हाच माझा अनुभव समजा.

रंकाळ्यावरचा
लई भारी चाललंय. माझं एवढंच, मी इंग्रजी कीबोर्डवर मराठी लिहितो. बायकोला लिहिलं पोहे केलेत लवकर ये, फोनने केलं पोप केलेत. ती म्हणाली कांदा घातलास का त्यात. आणि आईला लिहिलं की त्याचं एआय होतं, आता रोज सकाळी एआयला नमस्कार चाललाय. मी काल आल्याच्या वड्या लिहायला गेलो तर... जाऊ दे. पण वड्या कोणी करतं का घरी? पाक कधी जमत नाही बघा.

आत्याबाई
एक वाटी आल्याचा गोळा, दोन वाट्या साखर, अर्धी वाटी दूध नाहीतर साय. मिक्सरमध्ये आलं साखरेबरोबरच फिरव म्हणजे धागे राहत नाहीत. जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ढवळत राहायचं, कडेने कोरडं होऊन गोळा सुटायला लागला की लगेच गॅस बंद, चमचाभर पिठीसाखर घालून घोटायचं आणि तूप लावलेल्या ताटात थापायचं. कोमट असताना काप. फोन घेऊन बसू नकोस तेवढ्यात.

ढवळाढवळ
आत्याबाई, ढवळत राहायचं म्हणालात ते मला उद्देशून आहे का

वाफाळता चहा
काकांच्या निरोपाला जाऊन आले. समोसा, वेफर्स, पेढा. काकांना श्रद्धांजलीचं कळलं होतं, सेक्रेटरी माफी मागायला लागले तर म्हणाले राहू द्या साहेब, माझ्याबद्दल एवढं चांगलं जिवंतपणी कोण लिहितं. मेसेज मुलाच्या फोनवर पाठवून घेतला, गावी बायकोला दाखवायला. कंपनीने त्यांना शेवटच्या वर्षी 'सिक्युरिटी सुपरवायझर' असा बिल्ला दिला होता, पगार तोच, हाताखाली कोणी नाही. तो बिल्ला त्यांनी काढून आमच्या गेटवरच्या कुत्र्याच्या पट्ट्याला लावला आणि गेले.
'ॐ शांती' वाले तिघंही आले होते. समोसे दोन दोन.

कोतवालाचा पोरगा
कुत्र्याला सॅल्यूट करा उद्या.

रंकाळ्यावरचा
आत्याबाई, फोन घेऊन बसलो. पाक पुढे गेला. कढईसकट खातोय, चमचा वाकला.