वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात स्नान आणि गुडघ्याची झीज

प्रश्न: आईचं वय ६८, दोन्ही गुडघ्यांची झीज, बीपीची गोळी चालू. अकलोलीला कुंडात किती वेळ बसवावं? किती दिवस?

कोकणी_फिजिओ: आधी थर्मामीटर बुडवा, हाताचा अंदाज फसतो. ३६ ते ३८ अंश योग्य, ४० च्या वर नको. प्रत्येक कुंडाचं तापमान वेगळं. रत्नागिरीकडच्या उन्हवऱ्याच्या झऱ्याचं उगमाचं पाणी तर चटकाच देतं. सुरुवात १० मिनिटांनी, पुढे १५-२०. नुसतं बसू नका: पाण्यात गुडघा सावकाश वाकवणं-सरळ करणं, १० वेळा. पाणी वजन पेलतं, म्हणून जमिनीवर दुखणारी हालचाल तिथे जमते.

सांधेदुखी_वाचक: एका रविवारच्या डुबकीने काही होत नाही. फ्रान्समध्ये गरम झऱ्यांचा उपचार तीन आठवड्यांत १८ दिवसांचा असतो. तिथल्या २०१० च्या चाचणीत उष्णोदक (गरम झऱ्याच्या पाण्याचा उपचार) आणि घरचा व्यायाम दोन्ही करणाऱ्यांना सहा महिन्यांनी नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. आपण कोणता उपचार घेतोय हे रुग्णांना ठाऊक होतं, म्हणजे थोडा आराम विश्वासाचाही असू शकतो, हे मात्र लक्षात ठेवा. झिजलेली कूर्चा (सांध्यातली गादी) यानेही परत येत नाही.

कोकणी_फिजिओ: गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यात बीपीची गोळी, झटकन उठलं की चक्कर. काठावर दोन मिनिटं बसवा, पाणी पाजा. गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा पायाला जखम असेल तर कुंड नकोच. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, खरा धोका तोच.

पालीकर: चांदीची जोडवी काढून ठेवा, गंधकाने काळी पडतात.