पोर्तुगालच्या पायवाटेवरचा एकच दिवस: तुमचा अनुभव सांगा

कामिन्योचं, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या पायी यात्रेच्या वाटेचं, नाव काढलं की लोक किलोमीटर सांगायला लागतात. पोर्तोहून सांतियागो साधारण 240, लिस्बनहून 600 च्या वर, बॅग किती किलोची, बूट कुठले. ते सगळं मिळतं वाचायला. मला इथे वेगळं हवंय. पोर्तुगालच्या खेड्यापाड्यांतून ज्यांनी ग्रुपने पायी प्रवास केलाय, कामिन्यो असो, फातिमा या तीर्थस्थानाची वाट असो, दक्षिणेतली रोता विसेंतीना असो, त्यांनी फक्त एक दिवस सांगा. अख्खी ट्रिप नको. सुरुवात मीच करते.

आम्ही नऊजण होतो, त्यात माझी आई, वय 67. दिवस कामिन्योवरचा, पोंत द लीमा ते रुबियाइंशचा, अंतर 18 किमीच, पण मध्ये लाब्रूझाचा चढ आहे. सकाळी धुक्यात लीमा नदीचा जुना दगडी पूल ओलांडला. या नदीची एक दंतकथा आहे, रोमन सैनिकांना वाटायचं की ही विस्मरणाची नदी, पार केली की घरदार, नाव, सगळं विसरायला होतं, म्हणून कोणी पाण्यात पाय घालेना. मग सेनापती एकटा पलीकडे गेला आणि तिथून एकेका सैनिकाला नावाने हाका मारल्या, तेव्हा कुठे ते आले. दोन्ही काठांवर त्यांचे पुतळे आहेत. आदल्या रात्री मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली होती आणि सकाळी आई सगळ्यांच्या आधी पूल ओलांडून गेली, पलीकडे उभी राहिली आणि धुक्यातून आम्हा आठही जणांना एकेक नाव घेऊन हाक मारली. तिथे उभं राहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आत्ता लिहितानाही येतंय.

मग द्राक्षांचे मांडव, ग्रॅनाइटच्या खांबांवर चढवलेले, पाटाचं पाणी, गावातली कपडे धुवायची सार्वजनिक दगडी टाकी. चढाला पाइनचं जंगल, खोडांना चीर देऊन खाली राळेसाठी पिशव्या बांधलेल्या, सगळीकडे तो वास. मध्येच एक दगडी क्रूस लागतो, फ्रेंचांचा क्रूस म्हणतात, 1809 मध्ये नेपोलियनच्या फौजेतले मागे पडलेले सैनिक गावकऱ्यांनी इथे गाठले होते. मागे पडलेले, हे ऐकल्यावर आम्ही ठरवलं की यापुढे सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, बाकीच्यांनी त्याच्या मागे. आई पुढे झाली. माथा 400 मीटरचा आहे, आपल्या सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही, पण त्या दगडांवरून ती ज्या सावकाश एका लयीत चढली त्याच लयीत नऊच्या नऊ जण एकदम वर पोचलो.

*

ताई, हळू चालणारा पुढे, हे आमच्या ग्रुपनेही केलं असतं तर बरं झालं असतं. आमचा अनुभव दक्षिणेकडच्या आलेन्तेजू प्रांतातला, रोता विसेंतीनाचा आतल्या भागातला ऐतिहासिक मार्ग, जून महिना. सकाळी साडेसहाला निघालो कारण अकरानंतर ऊन भाजून काढतं. बुचाच्या झाडांचं जंगल मी पहिल्यांदा पाहिलं. साल काढली की खालचं खोड लालसर केशरी दिसतं आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा, म्हणजे ज्या वर्षी साल काढली त्या वर्षाचा शेवटचा आकडा. पुढची साल नऊ वर्षांनी, त्याआधी हात लावायचा नाही. पहिल्यांदा साल काढायलाच झाड पंचविसेक वर्षांचं व्हावं लागतं आणि बाटलीच्या बुचाला चालेल अशी साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे लावणाऱ्याच्या हयातीत मिळेलच असं नाही. आम्ही गेलो तेव्हा काम चालूच होतं, माणसं कुऱ्हाडीने साल सोडवत होती, इतक्या हलक्या हाताने की आतल्या खोडाला जखम होऊ नये. मी शेतकरी घरातला आहे, मला तिथून पाय निघेना, ग्रुप पुढे गेला आणि मी अर्धा तास बघत उभा राहिलो. पुढच्या सावलीत सगळे माझ्यासाठी थांबले होते, कोणी एक शब्द बोललं नाही, कलिंगडाची फोड मात्र ठेवली होती.

*

मी पोर्तोत नोकरी करते, तिथल्याच ऑफिसातल्या बायकांबरोबर मे महिन्यात फातिमाला चालत गेले. 13 मे 1917 ला तिथे तीन मुलांना मेरी माउलीचं दर्शन झालं असं मानतात, म्हणून 12-13 मेला प्रचंड गर्दी असते. सांतियागोच्या खुणा पिवळ्या बाणांच्या, फातिमाच्या निळ्या.

कुइंब्राच्या पुढचा दिवस सांगते. पहाटे चारला टॉर्च आणि चमकणारी जॅकेटं घालून रस्त्याच्या कडेने एकामागे एक, बरोबर सामानाची व्हॅन. अंधारात जपमाळ सुरू झाली, एक बाई म्हणणार आणि बाकीच्या प्रतिसाद देणार. मी लहानपणी आजीबरोबर आळंदीहून सासवडपर्यंत वारीत चालले होते, त्यामुळे शब्द कळत नसले तरी पावलांना ते कळत होतं. दुपारी एका गावात स्वयंसेवक तंबू टाकून बसलेले, वाटसरूंचे पाय धुणं, फोडांना मलमपट्टी करणं. एका आजींनी माझा पाय मांडीवर घेतला. मी संकोचून मागे ओढला तर त्यांनी परत घेतला. माझ्या देशात मोठी माणसं लहानांच्या पायाला हात लावत नाहीत हे मला धड सांगता येईना. शेवटी उठताना मीच वाकून त्यांना नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. ग्रुपमधल्या कोणाला ते समजावून सांगावं लागलं नाही.

*

माझं थोडक्यात. रोता विसेंतीनाचा आल्मोग्राव्ह ते झांबुझैराचा किनाऱ्याचा टप्पा, 22 किमी, बराचसा वाळूतून, पोटऱ्या भरून येतात. पण काबू सार्दांवच्या भूशिरापाशी करकोचे समुद्रातल्या सुळक्यांवर घरटी करतात, खाली लाटा फुटतायत आणि वर पिल्लं. आम्ही चौदाजण ओळीत बसलो आणि बराच वेळ कोणीच बोललं नाही.

*

मी डिचोलीचा. बार्सेलुस ते पोंत द लीमा, तेहतीस-चौतीस किमीचा दिवस, आम्ही सहाजण. संध्याकाळी चारच्या सुमारास पाय अगदी गेले होते म्हणून एका वाडीतल्या कॅफेत शिरलो. गरम काल्दू व्हेर्द आलं, बटाट्याच्या दाट सूपमध्ये बारीक चिरलेली पानं आणि सॉसेजची एक चकती. ही पानं कसली विचारलं तर बाई म्हणाली कोव्ह. अहो, हा तर आपला कोबी! मग बटाटा म्हणजे बताता, पाव म्हणजे पांव, बादली म्हणजे बाल्द, चावी म्हणजे शाव्ह, आम्ही आमचे शब्द सांगतोय आणि ती टाळ्या वाजवतेय.

कोपऱ्यात एक आजोबा बसले होते, त्यांनी विचारलं कुठले. गोवा म्हटल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, माझा मोठा भाऊ तिकडे शिपाई होता, 1961 च्या डिसेंबरात पकडला गेला, दुसऱ्या वर्षी मे महिन्यात परत आला, आई रोज बस बघायला जायची. असे तीन हजारांवर शिपाई तेव्हा कैदेत होते हे मला माहीत होतं, पण आमच्याकडे तो मुक्तीचा दिवस, शाळेत झेंडा आणि मिठाई, त्या दिवसाच्या दुसऱ्या टोकाला बस बघणारी एक आई असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मुक्ती मला प्यारीच आहे. तरी त्या आजोबांसमोर काय बोलावं सुचेना. मी विचारलं, भाऊ गोव्याबद्दल काय सांगायचे? म्हणाले, आंबे.

निघताना ते काठी टेकत आमच्याबरोबर वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत आले. पिवळा बाण दाखवला, म्हणाले बों कामिन्यू, म्हणजे वाट चांगली जावो. वळणावरून मागे बघितलं तर उभेच होते.